ओसरीवरची फुफ्फुसं

तेल्हारा,
रविवार, ९ नोव्हेंबर

आचल,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तं. आधी मले हे सांग, माझ्या घरातला साखरेचा डबा मी कुठं ठेवायचा हे ठरवणारी तू कोण? लग्न करून या घरात आली तेव्हापासून दर दिवाळीले मी घर उपसून काढते. यंदाही काढलं. भांड्याची मांडणी पुसली, कपडे वाळवायची वलणी सोडून धुतली, घडवंचीवरचे दोन्ही माठ काथ्यानं घासून उन्हात घातले, ओसरीवरचा कापूस आतल्या खोलीत नेला. पाहुण्याईनं काय कापसावर बसायचं? अन् तू आली अन् बॅग खाली ठेवायच्या आधी दारातूनच बोंबलली, "आई, माझं फुफ्फुस कुठं गेलं?"

समोरच्या बाया दिवे लावून राहिल्या होत्या. त्या अजून मले विचारतात, पोरीले दम्याचा त्रास आहे का म्हणून.

फुफ्फुस गेलं, मूत्रपिंडं उन्हात टाकली, यकृत उचलून देवघरात ठेवलं, आई तू माझा अख्खा पेपर पुसला. असं म्हणून रडली, भांडली, अन् फराळाचा डबा तसाच ठेवून सकाळच्या गाडीनं अमरावतीले परत गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही. मी बोलून पाठवते ते ऐकत नाही. खूण निळी होत नाही, तेवढं मले समजते. म्हणून कागदावर लिहून राहिली. पाचवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. वाचताना डोळे फुटले तं फुटू दे, डोळे तू घरातल्या कोणत्या जागी ठेवले होते ते मले माहीत नाही.

अन् मले काही समजत नाही असं समजू नको. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा शरीराचा पेपर तुझा राहिला, तो आठ डिसेंबरले पुन्हा आहे. पण पहिल्या खेपेले नापास झाली ते माझ्या साफसफाईनं का? तेव्हा तं घर जागच्या जागी होतं. तेव्हा तू फोनले प्रश्न विचारायची, फोन उत्तर द्यायचा, तू ते सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची अन् म्हणायची झाला अभ्यास. अभ्यास फोनाचा झाला. परीक्षेत फोन बाहेर ठेवावा लागला अन् सगळं ज्ञान पिशवीत राहिलं.

मंग तुझ्या त्या गीतांजली मॅडम. त्याईनं सांगितलं, घरात एकेका जागी एकेक अवयव ठेव, मनातल्या मनात घरातून चाल, पेपर आपोआप आठवते. फोन उत्तर सांगायले नाही, प्रश्न विचारायले वापर. बरोबर असेल बापा, मी कोण बोलणारी. दसऱ्याच्या सुट्टीत तू अख्ख्या घराले चिठ्ठ्या चिकटवल्या. दार म्हणजे तोंड. ओसरीवर कापसाचे गाठोडे म्हणजे फुफ्फुसं. चार खणांची मांडणी म्हणजे हृदय. मांडणीवरचा साखरेचा डबा यकृत, घडवंचीवरचे दोन माठ मूत्रपिंडं, वलणीची दोरी आतडं. बाईचं घर आहे का खाटकाचं दुकान, मी तेव्हाच म्हटलं होतं. तू हसली होती.

आता तूच सांग, दोन माठ हलवले तं जे डोक्यातून निघून जाते, ते डोक्यात होतं का माठात होतं?

तुझे बाबा माझं ऐकत नाहीत. सकाळपासून कापूस परत ओसरीवर आणून राहिले. उजवीकडे तीन गाठोडे, डावीकडे दोन. मी म्हटलं, एका जागी ढीग घाला ना. तं म्हणे, "अवं, डाव्या बाजूले जागा लागते, हृदय असते तिथं. पोरगी सांगून गेली." पन्नाशी उलटली, गुडघे बोलतात, अन् पोरीचं फुफ्फुस पाठीवर घेऊन फिरून राहिले.

फोन उचल.

आई

अकोला,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आचल,

अकोल्याले कामानं आली आहे. कोणतं काम ते तुले काय करायचं. विमल मावशीकडं उतरली आहे. बाबाचा घसा बसला म्हणून ते फोन करत नाहीत, बाकी बरे आहेत.

इथं बसून बसून डोकं पिकलं. म्हणून तू माझ्या फोनात ती बोलणारी बाई टाकून दिली होती ना, तिच्याशी बोलली. बटन दाबून म्हटलं, "घडवंचीवरचे माठ हलवले तं पोरगी नापास होते का?" तं ती पुण्याच्या बोलीत म्हणते, "खूप छान प्रश्न विचारलात!" मी म्हटलं, प्रश्न नाही, मी भांडून राहिली. म्हणते, "मी तुमच्या भावना समजू शकते." घ्या. नवऱ्याले इतक्या वर्षांत समजल्या नाहीत, हिले एका मिनिटात समजल्या.

घडवंची काय असते ते तिले माहीतच नव्हतं. सांगावं लागलं. माठ, गाळलेलं पाणी, ओली भिंत, सगळं समजावून दिलं. मंग मात्र कामाचं बोलली. म्हणे, ज्या घरात आपण गोष्टी ठेवतो ते घर डोक्यातलं असते. खरं घर बदललं, विकलं, पडलं तरी डोक्यातलं उभं राहते. फक्त त्यातून रोज चालायले लागते, चिठ्ठी न बघता. चिठ्ठी बघून चाललं तं ते वाचणं झालं, आठवणं नाही.

म्हणजे माझी बाजू खरी. हे मी तुले दहा वेळा सांगितलं असतं तं तू म्हटली असती, आई तुले काय समजते. आता यंत्रानं सांगितलं, आता मान.

पण मले तिचाही भरवसा नाही. गोड बोलणाऱ्या माणसाचा मले कधीच नव्हता. म्हणून स्वतःच करून पाहिलं. माझं माहेरचं घर, चांदूर रेल्वेचं, तू पाहिलं नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा पाडलं, तू पोटात होती. आता तिथं तुझी मामी गाळे भाड्यानं देते. मी बाकड्यावर बसून डोळे मिटले अन् त्या घराच्या दारातून आत शिरली.

दार बुटकं, वाकावं लागलं. वाकली. डाव्या हाताले जातं, जात्याच्या खुंट्याले मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. त्याच्या वर देवळी, देवळीत रॉकेलची चिमणी, चिमणीच्या काजळीची भिंतीवर लांब काळी जीभ. पुढं फळीवर पितळेचे पेले. रुळावरून गाडी गेली की सगळे पेले वाजायचे, अन् एकाचा आवाज फुटका यायचा, कारण तो मीच आपटला होता. आचल, तो फुटका आवाज मले ऐकू आला. बाजूची बाई म्हणे, ताई रडता काहून, होईल सगळं बरं. मी म्हटलं रडत नाही, हिशेब लावून राहिली.

ज्या घराची वीटसुद्धा उरली नाही त्यातला पेला मले वाजताना ऐकू येते. मंग तुले दसऱ्याचा साखरेचा डबा काहून दिसत नाही? कारण तू चाललीच नाही त्या घरातून. चिठ्ठ्या चिकटवल्या, फोटो काढले, फोनले दाखवले, फोन म्हणाला वा वा. झालं.

तुझा राग येते मले. लय येते. पोरगी हुशार आहे हे माहीत असून ती आळस करते तेव्हा जास्त येते.

सिस्टर हाक मारून राहिली, ठेवते. सिस्टर म्हणजे विमलची शेजारीण आहे, ती सिस्टर आहे.

आई

अकोला,
बुधवार, १९ नोव्हेंबर

आचल,

आला बापा, तुझा मेसेज आला. इतक्या दिवसांनी एक ओळ. "आई पेपर होईपर्यंत घरातलं काहीही हलवू नको, बाकी मला काही विचारू नको." वरून नमस्कार नाही, खालून नाव नाही. शिपायाले देतात तसा हुकूम.

मंग ऐक. हलवावं लागणार आहे. डबा नाही, माठ नाही. अख्खी भिंत.

बाबा पडले. ओसरीच्या पायरीवरून पडले, रविवारी, मी तुले ते पहिलं पत्र लिहून टपालपेटीत टाकायले गेली होती तेव्हाच. हातात काय होतं ते विचारू नको. खुबा मोडला. मंगळवारी अकोल्याले आणलं, गुरुवारी ऑपरेशन झालं, आत लोखंड बसवलं. मी दवाखान्यात आहे, विमलकडं फक्त अंघोळीले जाते. घसा बसला वगैरे सगळं मी रचलं. बाबाईनं शपथ घातली होती, पोरीले पेपरच्या आधी सांगायचं नाही. शपथ मोडली. मोडली तं मोडली, माझ्याच्यानं हे एकटीच्या पोटात राहत नाही.

डॉक्टर फोटो दाखवून म्हणाले, "फीमरची मान मोडली." मी म्हटलं, ते सगळ्यात लांब हाड ना? ते माझ्याकडं पाहायले लागले. तुझी चिठ्ठी आहे ना दाराच्या चौकटीवर, 'फीमर, मांडीचं हाड, सगळ्यात लांब', येता जाता वाचून वाचून डोक्यात बसली. तुझ्या चिठ्ठीतला शब्द पहिल्यांदा कामी आला अन् मले त्याचा इतका राग आला.

आता भिंतीचं ऐक. एकोणतीस तारखेले, शनिवारी, त्याईले घरी सोडणार. दीड-दोन महिने वॉकर. खाली बसायचं नाही, पायऱ्या नाही. आपला संडास मागच्या सांदवाडीत, परसात, चार पायऱ्या उतरून, तिथं पावसाळ्यापासून शेवाळ आहे. डॉक्टर म्हणाले, घरातच खुर्चीसारखा संडास करा, नाही तं दुसरा खुबा घेऊन याल. घरात जागा एकच आहे. स्वयंपाकघराची मागची भिंत फोडून, घडवंची काढून, मांडणीच्या जागी. म्हणजे तुझी मूत्रपिंडं, हृदय अन् यकृत, तिन्ही.

हे मी बाबाले सांगितलं तं खाटेवरून काय म्हणतात? "भिंत नको पाडू. पोरीचं मूत्रपिंड आहे तिथं."

मी म्हटलं, "अन् तुमचं मूत? ते काय मी महिनाभर बादलीनं वाहू?"

बाजूच्या खाटेवर मोतीराम म्हणून बुढा आहे, बार्शीटाकळीकडचा. तो उठून बसला. "ताई, कोणाचं मूत्रपिंड भिंतीत आहे?"

"आमच्या पोरीचं," बाबा म्हणतात, एकदम सरळ तोंडानं.

"जिवंत आहे ना पोरगी?"

"अमरावतीले आहे."

तो बुढा अंगावर पांघरूण ओढून तिकडं तोंड करून झोपला. अजून आमच्याशी बोलत नाही. हसावं का रडावं समजलं नाही, मी उठून नळावर जाऊन आली.

बाबाचं म्हणणं असं, की पेपर होईपर्यंत ते विमलकडं राहतील. तिच्या फ्लॅटात खुर्चीचा संडास आहे, लिफ्ट आहे. पण तुले तुझा बाप माहीत आहे. मेव्हणीच्या घरी पाणी मागायले लाजणारा माणूस. दोन तास तहानलेला पडून राहील पण आवाज देणार नाही. रात्री संडास लागला तं सकाळ होईपर्यंत दाबून धरेल. हे मी मागं पाहिलं आहे, नागपूरच्या लग्नात. मले ते पाहिजे नाही. मले नवरा माझ्या घरात पाहिजे, जिथं तो मले शिव्या देऊन पाणी मागते.

अन् मले तू पासही पाहिजे.

दोन्ही पाहिजे अन् भिंत एकच आहे. सांग आता.

आई

तेल्हारा,
शनिवार, २२ नोव्हेंबर

आचल,

तुझे एका दिवसात अकरा फोन आले. मी उचलले नाहीत. हो, मुद्दाम. बाबाईशी तू विमलच्या फोनवर बोलली, रडली, ते मले समजलं. बाबाले बरं वाटलं, जेवले. पण माझ्याशी तू रडूनच बोलली असती अन् मी विरघळली असती, अन् कामाचं राहून गेलं असतं. म्हणून आधी हे पत्र. मी संध्याकाळी अकोल्याले परत चालली; विमलचा पोरगा उद्या अमरावतीले जाते, त्याच्या हाती देते. वाच, मंग फोन कर.

बाबाले तू म्हटली, पेपर देतच नाही, घरी येते. खबरदार. तू येऊन काय करशील, वॉकर धरशील? वॉकरले चार पाय आहेत, त्याले तुझी गरज नाही.

मी काल सकाळच्या बसनं घरी आली. जानराव मिस्त्रीले बोलावलं. त्यानं टेप लावला, भिंत ठोकून पाहिली, तुझ्या चिठ्ठ्या वाचल्या. म्हणे, "वहिनी, 'डावी कर्णिका' म्हणजे कोण? भाडेकरू ठेवला का?" मी म्हटलं तू भिंतीचं पाह. तो म्हणे, गुरुवारी, सत्तावीसले फोडतो, दोन दिवसांत भांडं बसवून देतो. त्याच्यापुढं त्याले वरूडले संत्र्याच्या शेडचं काम आहे, मंग तो थेट संक्रांतीले मोकळा. म्हणजे गुरुवारी नाही तं कधीच नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत हो का नाही ते त्याले पाहिजे, कारण रेती-सिमेंट आणावं लागते.

तो गेल्यावर मी फोनातल्या बाईले कामाले लावलं. म्हटलं, मी आचल आहे असं समज अन् मले प्रश्न विचार. विचारले तिनं. घडवंचीपाशी उभी राहून मी मुद्दाम चूक सांगितली, म्हटलं मूत्रपिंडं अन्न पचवतात. तं म्हणते, "छान प्रयत्न! तुम्ही अगदी जवळ आहात!" अगदी जवळ? पचन कुठं अन् लघवी कुठं? पुढं तिनं बरोबर उत्तर सांगितलं, पण पहिले शाबासकी दिली. आता मले समजलं तुझं काय होते. तू उत्तर देते, चुकते, ती वा म्हणते, अन् तुले वाटते आलं. मी आजवर तुले चुकीच्या पोळीले वा म्हटलं का? म्हणून तुझ्या पोळ्या गोल होतात.

तं आता मी विचारीन.

यंत्र टाकून दे असं म्हणत नाही. गीतांजली मॅडमनं शिकवलेलंही टाकू नको. रोज सकाळी त्या बाईकडून प्रश्न काढून घे, नवे नवे, उलटेसुलटे, त्यात ती हुशार आहे. तिले म्हण, वा म्हणशील तं बंद करीन, चुकलं तिथं चुकलं म्हण. पण परीक्षा घेणारं माणूस असावं, ज्याले आपल्या चुकण्याचा राग येते.

माझं असं म्हणणं आहे. तू मले फोन करशील. तुझं पुस्तक तू इथं टाकून गेली ते माझ्या हातात राहील, चष्मा लावून. मी दारात उभी राहीन अन् तू तिथं खोलीवर डोळे मिटून बसशील. फोटो बघायचे नाहीत. मले तुझा श्वास ऐकू येते, बघून बोलली तं मले समजेल, लहानपणी पाढे म्हणताना पाटीत बघायची तेव्हाही समजायचं. मी दारापासून एकेक पाऊल चालीन अन् विचारीन, इथं काय, त्याचं काम काय, रक्त कुठून येते, कुठं जाते. दसऱ्याले जसं घर होतं तसं सांग, आता कसं आहे ते नाही.

तू दारापासून सांदवाडीपर्यंत न अडखळता पोहोचली, तं समजायचं घर तुझ्याजवळ आलं. मंग जानरावनं इथं काहीही फोडलं तरी तुझं काही जात नाही, अन् बाबा शनिवारी सरळ घरी येतात.

अन् अडकली, खरंच अडकली, तं भिंत राहील. आठ तारखेपर्यंत राहील. मी जानरावले नाही म्हणून सांगीन अन् बाबाले विमलकडं ठेवीन. तहानलेले राहू दे. संक्रांतीपर्यंत मी बादली उचलीन. हे मी तुले लाजवायले लिहून राहिली नाही. दोन्हीतलं एक करायची माझी तयारी झाली आहे, फक्त कोणतं ते मी ठरवू शकत नाही. तुझ्या डोक्यात काय आहे ते तुझ्याशिवाय कोणाले दिसते? मले नाही, बाबाले नाही, त्या फोनातल्या बाईले तं नाहीच.

एक सांगते. खोटं बोलू नको. बाबा घरी यावे म्हणून पाठ नसताना आलं म्हणशील, तं मी पकडीन. अन् जमत असताना भीतीनं नाही म्हणशील, तेही पकडीन. पहिल्या पेपरनं तुले घाबरवलं आहे, ते मले दिसते. घाबरलेली पोरगी डबा शोधते, माठ शोधते. तुले वाटते घर हललं म्हणून तू पडली. मी म्हणते, तू एकदा तरी डोळे मिटून पाय टाकून पाह.

रविवार, सोमवार, मंगळवार तुझ्याजवळ आहे. पाहिजे तेवढं चाल त्या घरातून. मी मधात फोन करणार नाही, तूही रडायले करू नको.

बुधवारी, सव्वीस तारखेले, संध्याकाळी पाच वाजता मी दारात उभी राहीन, चष्मा लावून, पुस्तक उघडून. सहा वाजता जानराव येईल विचारायले. त्याच्या आधी तुझा फोन आला पाहिजे. मेसेज नको, अंगठा नको, "ओके आई" नको. तुझ्या तोंडानं, तुझ्या आवाजात.

पाचले. पाच म्हणजे पाच.

आई